न्हाणीघराच्या चौकटीचं बाकडं

आपल्याकडे घराबाहेर बसायची सोय बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी केलेली असते. देवळापुढचा पार, एसटी स्टँडवरचं बाकडं, चहाच्या टपरीपुढची डगमगती फळी, आणि अलीकडे गावोगाव उगवलेली सिमेंटची बाकडी. या सिमेंटच्या बाकड्यांच्या पाठीवर एक तर कुण्या कैलासवासी माणसाचं नाव असतं, नाहीतर आमदार निधीचा उल्लेख. बसणाऱ्याची पाठ नेमकी त्या अक्षरांवर येते, त्यामुळे बाकडं वापरात असलं की दाता दिसत नाही.

घरातली सोय म्हणजे ओटा, पायरी, फार तर झोपाळा. हे सगळं गुडघे शाबूत असणाऱ्यांसाठी. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी परसात उन्हाला बसून भाजी निवडतात. हा त्यांचा जुना नेम. पण ओट्यावरून उठताना त्यांना दोघांचे हात लागायला लागले, आणि प्लास्टिकची खुर्ची परसात कामाची नाही. तिचे पाय ओल्या मातीत रुततात, आणि उठताना एका हातावर भार दिला की ती कलंडते. म्हणून बाकडं. तेही विकतचं नको, असं मी ठरवलं. थोडं हौसेपोटी आणि बरंचसं किमतीपोटी. सागवानी बाकड्याचे दर दहा हजारांच्या पुढेच सुरू होतात आणि त्यातलं सागवान किती नि रंग किती, हे ज्याचं त्याला माहीत. सिमेंटचं स्वस्त मिळतं, पण दुपारच्या उन्हाने ते जे तापतं ते दिवे लागेपर्यंत बसवत नाही, आणि थंडीत सकाळी त्यावर बसायचं म्हणजे शिक्षाच.

माप आईंवरूनच घेतलं. त्या स्वयंपाकघरातल्या ज्या खुर्चीवरून विनासायास उठतात तिची उंची मोजली, ती अठरा इंच भरली. साधारण बाकडं सोळा-सतरा इंचांचं असतं. गुडघे दुखत असतील तर तो एखादा इंच फार मोठा असतो. खोली पंधरा इंच. जास्त खोल केलं की म्हातारं माणूस मागे सरकून बसतं आणि मग पुढे यायलाच कष्ट पडतात. लांबी किती, तर आई आणि त्यांच्या शेजारी परात, आणि परातीपलीकडे कुणी बोलायला आलं तर तेवढी जागा. चार फूट. पाठ नको, कारण पाठ टेकून भाजी निवडता येत नाही. हात मात्र हवा. दोन्हीकडे नव्हे, फक्त उजवीकडे, ज्या बाजूने त्या उठतात तिकडे. पाठ आणि एक हात वजा झाल्यावर निम्मं लाकूड वाचलं.

लाकूड कुठलं, यावर शेजारीपाजारी सल्ल्यांचा पाऊस पडला. परसातल्या आंब्याची मोठी फांदी उतरवा, असं एकाने सुचवलं. ओलं लाकूड वाळायलाच एक-दोन उन्हाळे जातात, आंब्याचं लाकूड उघड्यावर फार टिकत नाही, आणि शहरी भागात झाड तोडायचं तर १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. विषय तिथेच संपला. नवं सागवान वखारीत बघून आले. हल्ली घाना, इक्वेडोर अशा देशांतल्या लागवडीचं सागवानही आपल्याकडे येतं. त्यातलं कोवळं लाकूड बघितलं तर ओंडक्यातला बाहेरचा पांढुरका भाग बराच. सागाचं टिकाऊपण असतं ते आतल्या तपकिरी गाभ्यात. तिथल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी लांब राहते. पांढऱ्या भागाला हे कवच नसतं, भुंगे तो पिठासारखा करून ठेवतात. म्हणजे सागाचे पैसे मोजून आपण निम्मं बिनसागाचं लाकूड घरी आणायचं.

मग उरली जुन्या लाकडाची आवारं. साताऱ्यातल्या पेठांमधले वाडे पडतात तशी ही आवारं भरतात. तुळया, कडीपाटाच्या फळ्या, खांब, नक्षीच्या तुकड्यांपासून दरवाजांपर्यंत सगळं एकावर एक रचलेलं. दुकानदाराच्या लेखी त्यातलं प्रत्येक लाकूड बर्मा. इंग्रजी अमलात ब्रह्मदेशातलं सागवान मोलमीन बंदरातून जहाजांनी हिंदुस्थानात येत असे, हे खरं. म्यानमारने २०१४च्या एप्रिलपासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केल्यामुळे त्या नावाचा भाव आणखी वधारला, हेही खरं. पण साताऱ्यातल्या प्रत्येक माजघराची कडी मोलमीनहून आली असेल असं मानायला मी तयार नाही. तरी जुन्या लाकडाची एक गोष्ट बर्मा असो वा नसो, पक्की असते. त्याचं वाकणं, पिळणं, चिरणं जे व्हायचं ते पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं असतं.

तिथे कोपऱ्यात एक चौकट टेकून ठेवली होती. चार इंच बाय अडीच इंचाची, सागाची, न्हाणीघराच्या दाराची. दोन्ही बाजूंचे उभे खांब खालून वीतभर कुजलेले. बोट लावलं तर ओल्या चहापत्तीसारखं लाकूड हाताला येत होतं. त्यापलीकडे मात्र पटाशी टेकवली तर टणक. कुजलेल्या बुडांमुळे चौकट म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हतं. ११०० रुपयांत मिळाली.

त्या चौकटीने मला बाकड्याबद्दल जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओने शिकवलं नसतं. वर्षानुवर्षं तिच्यावर रोज पाणी उडत होतं. तोंडाच्या उंचीवर, कमरेच्या उंचीवर, सगळीकडे. कुजली ती फक्त खाली, जिथे लाकडाचं बूड फरशीवर टेकलं होतं आणि पाणी साचून राहत होतं. झाड उभं असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं त्या नळ्या कापलेल्या टोकाला उघड्या असतात. लाकूड मेलं तरी नळ्या पाणी ओढतच राहतात. बाजूच्या सपाट अंगाने पाणी आत शिरतं त्यापेक्षा कितीतरी वेगाने ते टोकातून शिरतं. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मिस्त्री, ज्यांच्याकडून मी अवजारं उसनी आणली, त्यांनी चौकट पाहून हेच त्यांच्या शब्दांत सांगितलं. "वैनी, लाकडाला पानी लागलं तर काय बी हुत न्हाय. साचलं की मेलं. पानी कुठनं पळणार ते आदी ठरवा, मग करवत धरा."

त्यानंतरचा सगळा हिशेब मी याच एका प्रश्नावर केला. जिथे पाणी साचू शकतं तिथे खर्च करायचा, जिथे साचत नाही तिथे काटकसर. आणि जिथे साचणं टाळताच येत नाही, तो भाग बदलता येईल असा करायचा.

म्हणजे पाय आणि आडवे आधार जुन्या सागाचे, आणि बसायच्या पट्ट्या स्वस्त लाकडाच्या. उन्हापावसाचा मार सगळ्यात जास्त खातात त्या पट्ट्याच. त्या पंधरा वर्षं टिकाव्यात म्हणून सागात पैसे घालण्यापेक्षा चार-पाच पावसाळ्यांनी एखादी पट्टी उघडून दुसरी बसवणं परवडतं. पट्ट्यांसाठी कारखान्यांतली पॅलेट, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी, घेतली. एमआयडीसीच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे ती ढिगाने पडलेली असतात, बहुतेक पाइनची. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाची ती खूण. शिक्क्यात 'एचटी' ही अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. आई त्यावर मेथी ठेवणार, म्हणून मी 'एचटी'च शोधून घेतली. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलीही सोडली. दोन पॅलेटचे ३०० रुपये झाले. पट्ट्यांची लांबी बाराशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार फूटच. बाकड्याची लांबी आपोआप जुळली.

पॅलेट मोडणं हे सगळ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. खिळ्यांना आटे असतात, ते उपटायला जावं तर पट्टी फाटते. पट्टी आणि खालचा ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापायचा. डोकं पट्टीत राहतं, राहू द्यावं. दिसायला वाईट दिसत नाही.

चौकटीतही खिळे होतेच. बिजागरीचे स्क्रू, कडीचे खिळे, आणि कुणीतरी कधीतरी टॉवेलसाठी ठोकलेला एक. जुन्या लाकडावर करवत चालवण्याआधी लोहचुंबक फिरवावं. एक लपलेला खिळा करवतीचे दहा-बारा दात घेऊन जातो. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं होतं. लाकडातल्या तुरट द्रव्याचा ओल्या लोखंडाशी संयोग झाला की हा निळसर काळा रंग येतो. हिरडा आणि लोखंड घालून पूर्वी शाई करत, तीच ही क्रिया. काळेपणा दिसायला बरा नाही एवढंच नव्हे, तिथलं लाकूड ठिसूळही होतं. त्यामुळे स्क्रू मी स्टेनलेसचे घेतले आणि बोल्ट गॅल्व्हनाइज्ड, तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वायसर, नट, सगळं धरून ५२० रुपये. लाकडाच्या मानाने ही रक्कम मोठी वाटते, दुकानदारालाही वाटली. "गार्डनचं बाकडं ना? साधे घ्या, वर रंग मारा." याच एका सल्ल्याने घरगुती बाकडी बाद होतात असं माझं मत आहे. लाकडात हवी तेवढी काटकसर करावी, खिळ्यांत करू नये.

कुजलेली वीत दोन्हीकडून कापून टाकली आणि उरलेल्या लांबीत तुकडे कसे बसतात ते वहीत आखलं. दोन पाय सतरा इंचांचे, हाताच्या बाजूचे दोन पाय पंचवीस इंचांचे, म्हणजे ते पट्ट्यांच्या वर येऊन हाताला टेकू देतील. पट्ट्यांखाली तीन आडवे आधार. आणि दोन्ही टोकांना जोडणारी एक लांब तुळई, ती चौकटीच्या वरच्या पट्टीतून निघाली.

तिसरा, म्हणजे मधला आधार लोक वगळतात. तिथेच बाकडं काही वर्षांनी पोट सोडतं. पाऊण इंच जाडीची पट्टी चार फुटांवर मोकळी टाकली तर मध्ये बसणाऱ्याखाली ती वाकणारच. पट्टी जाड घेणं हा महागडा उपाय. मधोमध आधार दिला की मोकळी लांबी निम्मी होते, आणि लांबी निम्मी झाली की तेवढ्याच वजनाला वाक आठव्या हिश्श्यावर येतो. एक वीत-दीड वीत लाकडात एवढं काम दुसरं कुठलंच होत नाही.

सांधे करताना मिस्त्रींशी माझे मतभेद झाले. त्यांना सालकुसू हवं होतं, म्हणजे एका लाकडात चौकोनी भोक आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारी जीभ. वाड्यांची सगळी दारं अशीच उभी आहेत, हे त्यांचं म्हणणं बरोबर. पण ते सूतभर ढिलं झालं तर कामाचं नाही, आणि त्या भोकात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. मी पायाला अर्ध्या जाडीची खाच मारून त्यात आधार बसवला आणि आरपार बोल्ट घेतला. भार खाचेवर जातो, बोल्ट फक्त धरून ठेवतो. मिस्त्रींनी नाक मुरडलं, पण खाच मारायला पटाशी त्यांनीच लावून दिली. जुन्या सागात पटाशी चालवण्यात एक सुख आहे. लाकूड तुटत नाही, पातळ पापुद्रे वळत वळत सुटतात, आणि एवढ्या वर्षांनीही आतून तो ओळखीचा कातड्यासारखा, किंचित तिखट वास येतो. न्हाणीघराचा त्यात मागमूस नव्हता.

चार पाय उभे राहिले आणि बाकडं लांबीच्या दिशेने हलायला लागलं. हे अपेक्षितच होतं. चौकोन कितीही घट्ट आवळा, दाबला की तिरका होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून पायापासून तुळईला जाणाऱ्या दोन तिरप्या पट्ट्या. शाळेच्या जुन्या बाकांखाली त्या असायच्या, आणि मुलांचे दप्तराचे बंद त्यांतच अडकायचे.

पट्ट्या बसवताना दोन पट्ट्यांत दोन सूत फट ठेवली. पाव इंच. त्याहून कमी ठेवली तर पावसाळ्यात लाकूड फुगून ती बुजते. लाकूड लांबीला वाढत नाही, रुंदीला वाढतं. श्रावणात ज्याच्या घरचा दरवाजा अडकतो त्याला हे सांगायला नको. आणि फार रुंद फट ठेवावी तर त्यातून कढीपत्ता, लसूण, चष्मा, सगळं खाली. बसायचा भाग मागच्या बाजूला दोन सूत उतरता ठेवला, म्हणजे पाणी पुढे येऊन लुगड्याला लागणार नाही. कडा रंध्याने मारून गोल केल्या. स्क्रू वरून न घालता खालून, आधारांतून वर घातले. वरून घातले तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्याशी पाण्याचं एक डबकं तयार होतं. खालून घालायला वेळ जातो, मान दुखते, आणि आधी बारीक भोक पाडून घेतलं नाही तर जुन्या सागात स्क्रूचं डोकंच तुटतं. भोकात आणि आट्यांना थोडं मेण चोळलं की तो लोण्यातून गेल्यासारखा जातो.

रंगाचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारला. व्हार्निश मारलं असतं तर बाकडं पहिल्या महिन्यात फार देखणं दिसलं असतं. पण उन्हाने त्याच्या पापुद्र्याला बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत जातं आणि पापुद्र्याखाली अडकून बसतं. पुन्हा तेच, साचणं. मी जवसाचं उकळलेलं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावलं. तीन हात, प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन. हे काम एप्रिलमध्येच उरकावं. तेल पुरतं वाळायच्या आत पाऊस लागला तर त्यावर काळी बुरशी धरते. आणि एक सावधगिरी, जी डब्यावर बारीक अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही. जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती दोरीवर पसरून वाळवली आणि मगच टाकली.

पायांच्या बुडांना वेगळी वागणूक. चौकटीचं तेच तर मरणाचं ठिकाण होतं. मिस्त्री म्हणाले डांबर. मी प्रत्येक पाय रात्रभर तेलाच्या उथळ डब्यात उभा करून ठेवला. सकाळी डब्यातलं तेल नाहीसं झालेलं असायचं, म्हणजे त्या नळ्यांनी पाण्याऐवजी तेल ओढून घेतलं. शिवाय पाय मातीत टेकवायचेच नाहीत. चार शहाबादी फरशीचे तुकडे, खाली वाळू, आणि तुकडे किंचित बाहेरच्या बाजूला उतरते. चारही पाय एका पातळीत यायला हे तुकडे खालीवर करत बसावं लागतं. पाय तासून पातळी साधायला जाऊ नये; एक पाय कमी केला की दुसरा लांब वाटायला लागतो, आणि बाकडं हळूहळू पाटाच्या उंचीला येतं.

चौकट ११००, पॅलेट ३००, बोल्ट-स्क्रू ५२०, तेल आणि टर्पेंटाइन ४३०, पॉलिश पेपर आणि करवतीला धार १५०. फरशीचे तुकडे घरचेच. २५०० रुपये. मजुरी धरली तर हे बाकडं विकतच्यापेक्षा महाग पडेल, हे मला मान्य आहे. मिस्त्रींनीही ते हसून सांगितलं.

साताऱ्याचा पाऊस कोसळून मोकळा होत नाही, लागून राहतो. जुलै-ऑगस्टात दिवसचे दिवस भुरभुर, आणि भिंतींनाही ओल सुटते. बाकडं तेव्हा झाकलं नाही. सागाचा तपकिरी रंग उडून राखाडी व्हायला लागला आहे, तो उन्हाचा परिणाम, त्याने लाकडाचं काही बिघडत नाही. पाइनच्या पट्ट्या फुगल्या, फट दोन सुतांवरून एकावर आली, बुजली नाही. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली तशा पट्ट्या आकसल्या आणि बोल्ट थोडे सैल झाले. पाना घेऊन अर्धा-अर्धा फेरा आवळले. भिंतीकडच्या पट्टीच्या एका टोकाला, जिथे पागोळ्या पडतात, काळसर डाग धरला आहे. तिच्या मापाची पट्टी माळ्यावर तयार आहे. पण डाग धरलेली पट्टी अजून दोन पावसाळे काढेल असं वाटतं.

आई रोज बसतात. हाताची बाजू त्यांची, मध्ये परात, आणि पलीकडची बाजू शेजारच्या काकूंची, ज्या पूर्वी कुंपणापलीकडूनच बोलायच्या आणि आता येऊन वाटाणे सोलू लागतात. काकूंचेही गुडघे दुखतात. परवा उठताना त्यांनी आधाराला इकडेतिकडे हात फिरवला, काही सापडेना, शेवटी परातीवरच भार दिला. वाटाणे परसभर.

"अगं, हिच्या बाजूलाही एक हात कर की," आई मला म्हणाल्या.

"करते, पण त्याला आणखी लाकूड लागेल. ही चौकट संपली."

काकू वाटाणे वेचता वेचता म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघराची आहे ना, तीच ने. तशीही ह्यांना ती बदलायचीच आहे."